निळ्याचं हिरवं

प्रवाळांच्या टँकसमोर उभं राहून मोबाइलने एक फोटो काढून बघा. डोळ्यांना दिसतात पोपटी काठाच्या जांभळ्या फांद्या, भगव्या ठिपक्यांच्या चकत्या, मागे कुठेतरी गर्द गुलाबी टेंगळं. फोटोत मात्र सगळं एकजात निळं. फोन दहा हजारांचा असो नाहीतर लाखाचा, गत तीच. फोन बिघडलाय का? अजिबात नाही. मग खरं काय मानायचं, डोळ्यांनी पाहिलेलं की फोनने टिपलेलं? या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालं की माणूस फार लांब जाऊन पोचतो. वाटेत एक हेटाळणी झालेला फ्रेंच डॉक्टर भेटतो, एक नोबेल भेटतं आणि चक्क पानाच्या डब्यातला चुनाही भेटतो.

आधी टँकमधले हे मानकरी कोण ते बघू. प्रवाळ म्हणजे दगड की झाड? अंगठीतलं पोवळं पाहून दगड वाटणं साहजिक आहे आणि समुद्रात फांद्या पसरलेल्या पाहून झाड. युरोपातल्या विद्वानांनाही हाच पेच होता. १७०६ मध्ये मार्सिली नावाच्या इटालियन अभ्यासकाने पोवळ्याची ताजी फांदी समुद्राच्या पाण्यात ठेवली, तर तिच्यावर पांढरी फुलं उमलली! झालं, पोवळं वनस्पती ठरलं. पुढे वीसेक वर्षांत मार्सेयच्या पेसोनेल या डॉक्टरने तीच ‘फुलं’ नीट न्याहाळली आणि सांगितलं, अहो, हे इवले प्राणी आहेत आणि फांदी हे त्यांनी बांधलेलं घर आहे. पॅरिसच्या अकादमीतल्या रेओम्यूर या बड्या शास्त्रज्ञाला हे इतकं हास्यास्पद वाटलं की ते मत अकादमीपुढे ठेवताना त्याने डॉक्टरचं नावच घेतलं नाही. बिचाऱ्याची शोभा नको म्हणून! पेसोनेलच बरोबर निघाला. मंगळासाठी पोवळं घालणाऱ्यांच्या बोटात एका समुद्री प्राण्याचा सांगाडा असतो, हे त्यांच्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

टँकमधल्या प्रवाळाचा एकेक जीव, म्हणजे पॉलिप, बहुधा काही मिलिमीटरचा. मधोमध तोंड, भोवती सोंडा आणि सोंडांवर डंख मारणाऱ्या पेशी. जेलीफिशचंच हे गोत. जे पुढचं दार तेच मागचं. अशा शेकडो-हजारो जीवांची अंगं एकमेकांना जोडलेली आणि खाली सगळ्यांचं मिळून एक दगडी घर. पण खरी गंमत पुढेच आहे. या प्राण्याच्या पेशींच्या आत, अक्षरशः पेशींच्या आत, एकपेशीय शैवालं राहतात. एका चौरस सेंटिमीटरमध्ये दहा लाखांच्या घरात! ती प्रकाशावर साखर तयार करतात आणि तिच्यातला मोठा वाटा यजमानाच्या हवाली करतात. काही जातींची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज अशी घरबसल्या भागते. डंख मारणारा शिकारी प्राणी, आणि त्याचं पोट चालतं उन्हावर.

म्हणून तर या छंदात माणसं माशांपेक्षा दिव्यांवर जास्त खर्च करतात. आणि दिवे निळे का? समुद्रात खाली उतरत गेलं की लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच पाणी गिळून टाकतं. स्वच्छ समुद्रात खोलवर पोचतो तो निळा. प्रवाळांची सारी उत्क्रांती या निळाईत झालेली. तेव्हा टँकवरही साधारण ४५० नॅनोमीटरच्या निळ्या एलईडी लावतात.

आता रंगांकडे येऊ. शैवालांचा रंग तपकिरी. दिवा निळा. मग पोपटी आणि भगवा आले कुठून?

ते प्रवाळ स्वतः बनवतं. त्याच्या कातडीत अशी प्रथिनं असतात की ती निळा प्रकाश पितात आणि क्षणार्धात हिरवा किंवा लाल प्रकाश बाहेर टाकतात. मार्केट यार्डातला अडत्या शेतकऱ्याचा शंभराचा माल विकतो आणि आपली अडत कापून उरलेले पैसे त्याच्या हातावर ठेवतो. या प्रथिनांचा व्यवहार तसाच आहे. निळ्या प्रकाशाच्या कणात ऊर्जा जास्त, हिरव्याच्या कणात कमी. मधला फरक प्रथिन उष्णता म्हणून ठेवून घेतं. ४५०चा निळा आत जातो, ५२०च्या आसपासचा हिरवा बाहेर येतो, म्हणजे शंभरातले सुमारे ८७ परत मिळाले. लाल हवा असेल तर अडत आणखी वाढते. साधी हिरवी वस्तू निळ्याशार उजेडात काळपट दिसते, कारण परत पाठवायला तिच्याकडे हिरवा आलेलाच नसतो. प्रवाळ मात्र त्याच उजेडात झगमगतं.

या प्रथिनांचा पहिला नमुना जेलीफिशमध्ये सापडला. ओसामु शिमोमुरा यांनी १९६२ मध्ये त्याची नोंद केली. पुढे ते हिरवं प्रथिन जीवशास्त्रज्ञांच्या हातातला दिवाच झालं: जिवंत पेशीत जे पाहायचं त्याला हा दिवा जोडा आणि सूक्ष्मदर्शकातून बघत बसा. २००८चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, चाल्फी आणि चिएन या तिघांना याच कामासाठी मिळालं. पण दिवा हिरवाच होता. लाल हवा होता आणि जेलीफिशमध्ये तो मिळेना. तो मिळाला कुठे? मॉस्कोतल्या मत्स्यालयातल्या प्रवाळात! मात्झ आणि लुक्यानोव यांच्या गटाने १९९९ मध्ये ज्या जीवातून लाल प्रथिन काढलं तो डिस्कोसोमा. कुत्र्याच्या छत्रीसारखा दिसणारा, प्रवाळांचा चुलतभाऊ. नवशिक्यांच्या टँकमध्ये पहिल्या महिन्यात जो येतो आणि मग हाकलून जात नाही, तोच हा. जगभरच्या प्रयोगशाळांना हवा असलेला लाल दिवा हौशी लोकांच्या टँकमध्ये बसून होता.

जपानमध्ये तर आणखी नवल घडलं. मियावाकी यांच्या प्रयोगशाळेत ट्रॅकिफिलिया या प्रवाळातलं हिरवं प्रथिन एका नळीत भरून ठेवलं होतं. ती नळी चुकून रात्रभर टेबलावरच राहिली आणि दुसऱ्या दिवशी पाहतात तर आतलं हिरवं लाल झालेलं! अतिनील प्रकाश पडला की हे प्रथिन कायमचा रंग बदलतं. त्याला त्यांनी नाव दिलं काएदे, म्हणजे मॅपलचं पान. ही गोष्ट २००२ची. ट्रॅकिफिलियाही घरगुती टँकमधला नेहमीचा गडी.

पण प्रवाळाला एवढा खटाटोप कशासाठी? आपल्या डोळ्यांच्या पारण्यासाठी खचित नाही. उथळ पाण्यात ऊन भाजून काढतं, तिथे ही रंगद्रव्यं शैवालांवर सावली धरतात. खोल पाण्यात उलट काम: तिथे निळ्याखेरीज काही पोचत नाही, तर त्याचाच थोडा भाग भगवा-लाल करून ऊतीच्या आतल्या थरांतल्या शैवालांपर्यंत पोचवायचा. एकच कारखाना, वर छत्री बनवतो आणि खाली कंदील. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये याहून मजेदार गोष्ट दाखवली. समुद्र तापला की प्रवाळ शैवालांना बाहेर काढतं आणि पांढरं पडतं, हे आपण वाचतो. पण ताप जर बेताचा असेल, तर काही प्रवाळं पांढरी पडण्याऐवजी भडक निऑन रंगांची होतात. शैवालं गेली की प्रकाश खायला आत कुणी उरत नाही. तो पांढऱ्या सांगाड्यावर आपटून ऊतीत सैरावैरा फिरतो. त्या झळीने प्रवाळ जास्त रंगद्रव्य बनवतं आणि त्या सावलीत शैवालं परत नांदायला येऊ शकतात. गेलेल्या भाडेकरूंसाठी लावलेला मांडवच तो.

टँकवाल्यांना याची दुसरी बाजू रोज दिसते. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट वाढलं की शैवालं माजतात आणि हजारो रुपयांची जांभळी फांदी चहाच्या रंगाची होऊन बसते. जीव ठणठणीत, रंग गुल. म्हणून उजेड, खाद्य आणि स्वच्छता यांचा तोल धरत बसायचं. याला धीर लागतो आणि तो सगळ्यांकडे नसतो.

आता घर. दगडी सांगाडा बांधायला प्रवाळ पाण्यातून कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतं. समुद्राच्या एक लिटर पाण्यात कॅल्शियम असतं सुमारे ४१० मिलिग्रॅम. समुद्रात ते कधी संपत नाही, पण चार फुटी टँकमध्ये भरभर वाढणारी प्रवाळं असली की काही दिवसांतच खडखडाट होतो. मग काय घालायचं? चुन्याची निवळी! पानाला लावतो तोच चुना, कॅल्शियम हायड्रॉक्साइड, पाण्यात कालवायचा, तळाशी बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी थेंबथेंब टँकमध्ये सोडायचं. ते रात्री सोडायचं, कारण रात्री शैवालं झोपलेली, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पाणी जरा आम्लाकडे झुकतं. निवळी ते झुकणं सावरते, त्याच कार्बन डायऑक्साइडशी मिळून बायकार्बोनेट होते आणि कॅल्शियमही देते. एका पातेल्यात तीन कामं. काचेआडच्या त्या परीराज्याचा पाया चुन्याचा आहे हे मला अजूनही खरं वाटत नाही.

आणि लागवड? कलम करावं तशी फांदी कापायची. हाडं कापायची छोटी कात्री घेतात, कट्‌ असा आवाज येतो, बोटभर तुकडा हातात. जखमेतून चिकट बुळबुळीत स्राव लोंबतो. फेविक्विक ज्या जातीचा गोंद, तसलाच घट्ट गोंद खाली लावून तुकडा सिमेंटच्या बुचावर दाबायचा आणि परत पाण्यात. गोंद पाण्यातही धरतो. काही आठवड्यांत प्रवाळ तो गोंद आपल्या मांसाने झाकून टाकतं, जणू तिथे काही नव्हतंच. फ्लोरिडातल्या मोट प्रयोगशाळेत डेव्हिड व्हॉन यांच्या हातून एक प्रवाळ असंच चुकून तुटलं. इवले तुकडे मरणार असं त्यांनी धरलं होतं. ते नेहमीच्या कितीतरी पट वेगाने वाढले. जखम भरायची घाई! आज त्याच युक्तीने तिथल्या समुद्रातल्या मोडक्या खडकांवर प्रवाळ लावतात.

तर पुन्हा फोटोकडे. न्यू जर्सीत माझ्या भाच्याच्या तळघरात असा टँक आहे आणि त्याचा फोटोचा विधी बघण्यासारखा असतो. आधी चुंबकाच्या घासणीने आतली काच पुसायची. मग पंप बंद करून पाण्यातला कचरा खाली बसेपर्यंत गप्प राहायचं. “मावशी, जिन्यातला दिवा घालव ना,” काचेत प्रतिबिंब नको म्हणून. कॅमेरा काचेला अगदी काटकोनात. जरा तिरका झाला तरी काच आणि पाणी मिळून प्रकाश वाकवतात आणि कडा विस्कटतात. शेवटी भिंगावर नारिंगी काच चढवायची. ती चढली आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकदम पोपटी, भगवं, लाल उसळून वर आलं.

काय झालं? कॅमेऱ्याच्या डोळ्यातल्या ठिपक्यांपैकी निम्मे हिरवा प्रकाश मोजतात, पाव लाल आणि पाव निळा. टँकच्या उजेडात निळे ठिपके काठोकाठ भरून वाहू लागतात, लाल उपाशी राहतात. ऊन, ट्यूबलाइट, ढगाळ हवा इतकंच जग गृहीत धरून केलेलं फोनचं गणित इथे कोलमडतं. नारिंगी काच दिव्याचा परावर्तित निळा अडवते. मग कॅमेऱ्यापर्यंत पोचतो तो बहुतेक सगळा प्रवाळाने स्वतः घडवलेला प्रकाश. म्हणजे तो फोटो प्रवाळावर पडलेल्या उजेडाचा नसून प्रवाळातून निघालेल्या उजेडाचा असतो! फोन आणि डोळे, दोघांचंही खरं होतं. प्रत्येक जण त्यातला वेगळा भाग सांगत होता.

अर्थात नारिंगी काचेनंतर संगणकावर रंग आणखी चढवून बोटभर तुकडे शेकडो डॉलरना विकणारेही आहेत, आणि ‘होमरेकर’ किंवा ‘वॉल्ट डिस्ने’ अशी नावं देऊन. भुलणारे भुलतात.

आपल्याकडे हे सगळं वाचून कुणाला मोह झाला तर तो तिथेच आवरावा. भारतात दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, थेट वाघाच्या पंगतीला. घरी पाळणं सोडाच, किनाऱ्यावरून सांगाडा उचलून आणणंही गुन्हा. बघायचीच असतील तर मालवणला सिंधुदुर्गाभोवतीच्या पाण्यात आहेत, आणि मुंबईकरांच्या पायाशीही आहेत: किनारी रस्त्याच्या कामासाठी हाजीअली-वरळीच्या खडकांवरची प्रवाळं २०२० मध्ये उचलून दुसरीकडे लावावी लागली होती.

आणि एक चमत्कार असा की तो टँकमध्ये घडवणं अनेक वर्षं कुणाला नेमानं जमत नव्हतं: प्रवाळांचं प्रजनन. समुद्रात वर्षातल्या ठरावीक रात्री, पौर्णिमेनंतर, असंख्य प्रवाळं जवळजवळ एकाच वेळी अंडी-शुक्राणूंचे गुलाबी गोळे सोडतात. डोळे नसलेल्या जीवाला चंद्र कळतो कसा? त्याच्या पेशींत निळा प्रकाश ओळखणारी प्रथिनं असतात आणि चांदण्याच्या मंद निळाईनेही ती जागी होतात. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज यांच्या गटाने टँकवर खोटा चंद्र टांगला, उष्ण कटिबंधातल्या समुद्राचे ऋतू आणि दिवसाची लांबी संगणकाने हुबेहूब पाळली, आणि लंडनमधल्या प्रवाळांनी ठरल्या रात्री गोळे सोडले. २०१७ मध्ये त्यांनी ती कृती प्रसिद्धही केली. त्या रात्रीचे फोटो काढणारे कपाळाला लाल बॅटरी बांधतात. लाल उजेड प्रवाळांना फारसा कळत नाही. पण निळा दिवा चुकून लागला, तर त्यांच्या लेखी अजून रात्रच झालेली नसते आणि मुहूर्त टळू शकतो.