कूळ कसतं ती जमीन विकली, तर पहिला हक्क कुणाचा?



समजा, तुम्ही दहा-बारा वर्षं एकाची जमीन खंडानं किंवा अर्धेलीनं कसता आहात. बांध तुम्ही घातले, दगडगोटे तुम्ही वेचले. एके दिवशी बाजारात कुणीतरी म्हणतं, "अहो, तुमच्या मालकानं शेत विकलं की!" आता सांगा, ते शेत आधी घ्यायचा हक्क कुणाचा? तुमचा? मालकाच्या भाऊबंदांचा? की बांधाला बांध लागून असलेल्या शेजाऱ्याचा?

तिऱ्हाइताला विकलेली जमीन तेवढीच किंमत मोजून आपण घ्यायची, या हक्काला मुसलमानी कायद्यात 'शुफा' म्हणतात. पाकिस्तानच्या पंजाबात या एका शब्दापायी असंख्य कुळं कोर्टात गेली. तिथं इंग्रजांनी केलेला कायदा एक सांगत होता आणि शरीयत दुसरं. त्या ओढाताणीत कुळाचं काय झालं, ते आधी पाहू. मग आपल्या गावाकडे येऊ.

इंग्रज सरकारनं 1913 साली पंजाबासाठी या हक्काचा कायदा केला. नाव शुफाचं, पण यादी सरकारनं आपल्या सोयीची केली. पहिला मान विकणाऱ्याच्या वारसदारांना, मग गावातल्या जमीनदारांना, आणि अगदी शेवटी वहिवाटीचा हक्क असलेल्या कुळांना. जमीन गावाबाहेरच्या माणसाच्या हाती जाऊ नये, हा त्यामागचा हिशेब.

पुढे पाकिस्तान झालं. 1972 साली भुट्टो सरकारनं जमीनसुधारणेचा हुकूम काढला. बागायतीला 150 एकर आणि जिरायतीला 300 एकर अशी कमाल मर्यादा घातली. त्याच हुकमात एक कलम असं होतं की, कुळाच्या ताब्यातली जमीन विकली तर ती घ्यायचा पहिला हक्क त्या कुळाचा. म्हणजे यादीत तळाला बसलेला माणूस एकदम वर आला. मालकानं परस्पर जमीन विकली, की कूळ दावा लावू लागलं.

आता शरीयत काय म्हणते ते बघा. हनफी मतात शुफाचे हक्कदार तीनच. एक, जमिनीतला सहहिस्सेदार. दोन, वाट किंवा पाणी सामाईक असलेला. तीन, लगतचा शेजारी. तिघांचाही हक्क मालकीतून येतो. कुळाकडे कष्ट आहेत, ताबा आहे, पण मालकी नाही. म्हणून या यादीत कूळ नाही. भाऊबंदही नुसत्या नात्यानं त्यात बसत नाहीत.

1986 साली पाकिस्तानच्या सर्वोच्च न्यायालयाच्या शरीयत अपील पीठानं निकाल दिला: या तिघांपलीकडे सरकारला कायदा करून नवे हक्कदार घालता येत नाहीत. 31 जुलै 1986 नंतर कुळाचा तो हक्क संपला, 1913 च्या कायद्यातला भाऊबंदांचा हक्कही संपला.

खरा घाव पुढेच बसला. ज्या कुळांचे दावे चालू होते त्यांचं काय? पुढं असं ठरलं की, 31 जुलैपर्यंत ज्याच्या हातात हुकूमनामा पडला तो सुटला. ज्याचा दावा तारखांवर तारखा पडून राहिला, त्याचा दावा फेटाळायचा. दोघं एकाच दिवशी कोर्टाची पायरी चढलेले असोत, एकाला जमीन आणि दुसऱ्याला काहीच नाही. कोर्टाच्या दिरंगाईची शिक्षा कुळाला झाली, असं मला वाटतं.

यावरून शरीयत म्हणजे नेहमी जमीनदाराची बाजू, असं मात्र समजू नका. खुद्द इमाम अबू हनीफा यांना बटाईनं जमीन लावणंच मान्य नव्हतं. त्यांच्या शिष्यांनी, अबू यूसुफ आणि मुहम्मद शैबानी यांनी, ते मान्य केलं. आणि इंग्रजांचा कायदा म्हणजे कुळाचा कैवारी, असंही नाही. 1887 च्या पंजाब कूळकायद्यात वहिवाटदार कूळ मेलं की हक्क मुलग्यांकडे जाई. मुलगे नसतील तर विधवेला तिच्या हयातीपुरता किंवा पुनर्विवाहापर्यंत मिळे. शरीयतीनं मुलीला वाटा दिलेला असताना या कायद्यानं तिला रिकाम्या हातानं बसवलं होतं.

1991 साली पंजाबात शुफाचा नवा कायदा झाला. त्यात मागणीची रीत फार कडक आहे. विक्रीची बातमी कानावर पडताच, त्याच बैठकीत, "मी शुफा मागतो" असं म्हणावं लागतं. त्या मागणीच्या अरबी नावातच उडी मारण्याचा अर्थ आहे. मग दोन आठवड्यांच्या आत दोन साक्षीदारांच्या सह्यांची लेखी नोटीस रजिस्टर पोस्टानं पाठवायची. बातमी कोणत्या दिवशी, किती वाजता, कुठं कळली, हे दाव्यात लिहिलं नाही म्हणून माणसं हरली आहेत.

आता आपल्याकडे या. आपला 1948 चा मुंबई कूळवहिवाट कायदा सर्व धर्मांच्या मालकांना आणि कुळांना सारखाच लागू आहे. (विदर्भाला 1958 चा आणि मराठवाड्याला 1950 चा वेगळा कायदा आहे.) 1 एप्रिल 1957 या कृषक दिनी बरीचशी कुळं कायद्यानं मालक मानली गेली. जिथं अजून कूळ आहे, तिथं 1948 च्या कायद्याच्या कलम 64 प्रमाणे मालकानं आधी शेतजमीन न्यायाधिकरणाकडून वाजवी किंमत ठरवून घ्यायची आणि प्रत्यक्ष ताब्यातल्या कुळाला लेखी विचारायचं. शेजारी "माझा शुफा आहे" म्हणून दटावू लागला, तर त्याला सांगा की नुसत्या शेजारपणाचा असा हक्क आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 1962 सालीच घटनेविरुद्ध ठरवला आहे. देवस्थान, ट्रस्ट किंवा वक्फच्या जमिनीला मात्र काही कलमांतून सूट मिळालेली असू शकते. तशी जमीन कसत असाल तर तहसील कचेरीत आधी विचारा.

पण हक्क सांगायला कागद लागतो. सात-बाऱ्यावर तुमचं नाव कूळ म्हणून आहे का, ते स्वतः पाहा. पीकपाहणीत पीक कुणाच्या नावावर लागलं, तेही पाहा. खंड भरला की पावती घ्या. मालक घरोब्यातला असला तरी घ्या, त्याच्या मुलांशी तुमचा घरोबा राहीलच असं नाही. विक्रीनंतर फेरफाराची नोटीस निघते. हरकत घ्यायला 15 दिवस मिळतात. ती तलाठ्याला तोंडी सांगून येऊ नका. लेखी द्या आणि पोच घ्या.