ऐन दिवाळीत कोयता अडला

बीड जिल्ह्यात दिवाळी म्हणजे निघायची घाई. भाऊबीज उरकली की मुकादमाची गाडी दारात येते. भांडीकुंडी, शेळी, लेकरं घेऊन माणसं कारखान्याच्या वाटेला लागतात. २०२४ साली गाळप १५ नोव्हेंबरला सुरू व्हायचे होते. आमच्या शेजारच्या जोडप्याने उचल कधीच घेतली होती अन् ती घरावरच्या पत्र्यांत संपलीही होती. अशात नरक चतुर्दशीच्या पहाटे उटणं लावता लावता गडी पोट धरून खाली बसला.

सगळ्यांनी आधी फराळाला दोष दिला. म्हातारी म्हणाली, "बेंबी सरकली असंल." बेंबी बसवणारी बाई आली, तेल लावून पोट चोळले. कुणी ओवा दिला, कुणी एरंडेल सुचवले. दुपारपर्यंत बेंबीभोवतीचे दुखणे उजवीकडे खाली उतरले, दोनदा उलटी झाली, अंग तापले. ही अपेंडिक्सची खूण. अशा वेळी पोट चोळू नये, जुलाबाचे औषध तर मुळीच देऊ नये. सुजलेले अपेंडिक्स फुटले तर पू पोटात पसरून जिवावर बेतते. मला तरी हे कुठे ठाऊक होते? एरंडेलाची बाटली मीच आणून दिली होती! उलटीत ते बाहेर पडले हे नशीब.

शेवटी १०८ ला फोन केला. तालुक्याच्या दवाखान्यात खाटा होत्या, पण भूल देणारे डॉक्टर सणासाठी गावी गेलेले. सलाईन लावून पुढे पाठवले. रात्री अकराला ऑपरेशन झाले. फुटायच्या बेतात होते, असे डॉक्टर म्हणाले. कागदावर सही करताना त्याच्या बायकोने एकच विचारले, "साहेब, मोळी कधी उचलंल ह्यो?"

"सहा आठवडे जड काही उचलायचं नाही."

ती काही बोलली नाही. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकाने तोडायचे, दुसऱ्याने मोळ्या बांधायच्या, मग डोक्यावर घेऊन गाडी भरायची. एक अडला की दोघे अडले, अन् उचल मात्र अंगावर तशीच.

लक्ष्मीपूजनाला बाहेर फटाके उडत होते आणि गड्याला पाणीही बंद. डॉक्टर येता-जाता विचारायचे, "वारा सरला का?" तो लाजायचा. वॉर्डातल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. पाडव्याला मुकादम केळी घेऊन आला. तब्येत विचारली, मग खाटेच्या कडेला बसून हिशेब काढला. तो वाईट माणूस नाही. त्यालाही कारखान्याला माणसे दाखवायची असतात. भाऊबीजेला बहीण तबक घेऊन आली. सिस्टरने वॉर्डात दिवा लावू दिला नाही, तर तिने नुसत्या सुपारीने ओवाळले.

तिढा मेव्हण्याने सोडवला. त्याचे बारावीचे वर्ष. तो म्हणाला, "दाजी उठेस्तोवर मी जातो ताईसंगं." नको म्हणायची ताकद कुणातच नव्हती.

घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत गाडी आली. दोन्ही लेकरं आजीपाशी राहिली, त्यामुळे त्यांची शाळा तेवढी वाचली. गाडीवर चढताना वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, टाके काढायला यांना तुम्हीच न्या. अन् ते एरंडेल आधी घराबाहेर फेका."