स्वर राखावा कोणी?

कार्तिकी एकादशीच्या कीर्तनसेवेसाठी यंदा कर्जतजवळच्या कोंडाणे गावी आमचे जाणे झाले. सकाळी राजमाचीच्या पायथ्याची लेणी पाहिली. तेथील चैत्यगृहाच्या ब्राह्मी लेखात, कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, एवढेच म्हटले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी येथे भिक्षूंचे पठण घुमत असेल. दगडाने शिष्याचे नाव राखले. स्वर मात्र राखला नाही.

दुपारी यजमानांच्या नातवाने एक ध्वनिमुद्रण ऐकविले. इंग्लंडच्या ‘टॅलिस स्कॉलर्स’ या गायकवृंदाने 1992 साली प्रसिद्ध केलेली, पोर्तुगालच्या दुआर्ते लोबो यांची ही रचना. मृतांच्या शांतीसाठी लॅटिनमध्ये म्हणावयाची ती प्रार्थना. साथीला एकही वाद्य नाही. सहा आवाजांच्या सहा वेगळ्या ओळी. प्राचीन धून एका कंठाने लांबवून धरावी आणि इतरांनी तिच्याभोवती आपापली वाट चालावी. आमच्या दिंडीत शंभर कंठ एका स्वरात मिळतात, येथे सहा वाटा एका मुक्कामी पोहोचतात.

पोर्तुगाल म्हणताच आमचे मन क्षणभर अडखळले. त्याच राजवटीत गोमंतकातील देवळे पाडली गेली आणि श्रीमंगेशाला भक्तांनी नदीपार नेले. हे आम्ही विसरणार नाही. परंतु राजाचे पाप गायकाच्या प्रार्थनेवर लादणे न्यायाचे नव्हे. त्याच गोमंतकात फादर स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने आपले ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओवीत रचले, आणि 1616 साली ते छापले गेले. लोबो 1646 साली निवर्तले, तेव्हा देहूत तुकोबांचे अभंग चालू होते.

मग लोबोंचा स्वर वाचला कसा? त्यांनी आपल्या रचना स्वरलिपीत मांडून अँटवर्पच्या प्लांटिन छापखान्यात 1621 व 1639 साली ग्रंथरूपाने छापून घेतल्या. प्रती गावोगावच्या देवालयांत पोहोचल्या. पुढे 1755 च्या भूकंपात व त्यामागून लागलेल्या आगीत लिस्बनचे राजेशाही संगीतग्रंथालय भस्मसात झाले. तेथे असंख्य हस्तलिखिते कायमची गेली. जे छापून पसरले होते, तेच वाचले आणि साडेतीन शतकांनंतर पुन्हा गाइले गेले.

हे ऐकून आम्हांस आमच्या गुरूंची वही आठवली. ती आजही आमच्या देवघरात आहे. पदे आहेत, आख्याने आहेत. कित्येक पदांच्या चाली मात्र त्यांच्या कंठाबरोबर गेल्या. विचारू, शिकू, असे म्हणत आम्हीच वर्षे दवडली. उत्तररंगातील एक करुण पद आज आम्ही नुसते वाचून दाखवितो, कारण गाता येत नाही. हा दोष आमचा आहे.

त्या रात्री कीर्तनानंतर गावातील एका वृद्ध माउलींनी काकड्याचे एक पद म्हटले. ती चाल आम्ही कोठेही ऐकली नव्हती. यजमानांच्या नातवाने ते पद आपल्या फोनमध्ये मुद्रित केले आणि आम्ही त्यांच्यापाशी बसून त्याचे स्वर कागदावर उतरविले.

वाचकहो, आपल्याही घरी अशी एखादी आजी असेल. प्रबोधिनीचा दिवा लावल्यावर तिच्याजवळ बसावे आणि तिला गाण्याची विनंती करावी. पुढच्या एकादशीवर टाकू नये.