चिपचा कारखाना आणि वसईचे गाळे

वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे इथे छोट्या कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत. चिपशी त्यांचा संबंध काय? युरोप पाहा. 13.5 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने सिलिकॉनवर नक्षी उमटवणारी यंत्रं विकणारी जगातली एकमेव कंपनी म्हणजे नेदरलँड्सची एएसएमएल. पण त्या यंत्रातले आरसे जर्मनीच्या झाइसचे, लेझर ट्रुम्फचा आणि असंख्य सुटे भाग इतर पुरवठादारांचे. चिपचा खरा पाया असा आजूबाजूच्या कसबात असतो.

युरोपने 2023च्या चिप कायद्यात 2030पर्यंत जागतिक उत्पादनात 20 टक्के वाटा मिळवण्याचं लक्ष्य ठेवलं. तरी इंटेलने 2025मध्ये जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा प्रकल्प सोडला. ड्रेस्डेनमध्ये मात्र तैवानच्या टीएसएमसीचा संयुक्त कारखाना उभा राहतोय. तिथे पूर्व जर्मनीच्या काळापासून या विद्येचे जाणकार आहेत. माझ्या मते अनुदानापेक्षा हेच मोलाचं.

वसईच्या दारातून जाणाऱ्या महामार्गावर पुढे गुजरात आहे, आणि तिथे साणंद, धोलेऱ्याला चिपचे प्रकल्प आलेत. त्यांना निर्वात पेट्या, अतिशुद्ध वायूंच्या स्टीलच्या नळ्या लागतात. आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी आणि गाळेधारकांनी या कामाचं प्रशिक्षण आताच एकत्र सुरू करावं.