रुग्णाच्या प्रश्नातून संशोधनाकडे

वैनगंगेच्या खोऱ्यात धानाची रोवणी सुरू झाली की दिवसदिवस पावसात, चिखलात वाकून उभे राहावे लागते. सिकलसेलच्या रुग्णाला हे काम झेपत नाही. गारठा, अतिश्रम व शरीरातील पाण्याची कमतरता यांमुळे त्याच्या रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. हा आनुवंशिक आजार भंडारा जिल्ह्यासह पूर्व विदर्भात आढळतो. मध्य भारतातील या दोषाविषयी डॉ. शुक्ला व डॉ. सोळंकी यांचा लेख ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात 1958 साली प्रसिद्ध झाला होता.

दोषाची नोंद होणे आणि रुग्णाच्या प्रश्नाचे उत्तर मिळणे या मात्र भिन्न गोष्टी आहेत. प्रयोगशाळेतील पेशींऐवजी प्रत्यक्ष रुग्ण समोर ठेवून, त्याला सतावणाऱ्या प्रश्नापासून जे संशोधन सुरू होते, त्यास रुग्णकेंद्री संशोधन म्हणतात. हायड्रॉक्सियुरिया या औषधाचेच पाहा. त्याची मात्रा हळूहळू वाढवीत नेण्याच्या पद्धतीत रक्ताची तपासणी वारंवार करावी लागते. मजुरी बुडवून दूरच्या गावाहून येणाऱ्या कुटुंबाला ते कसे परवडावे? नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तीव्र आजार असलेल्या बालकांना वजनाच्या दर किलोमागे 10 मिलिग्रॅम अशी ठरावीक, कमी मात्रा देऊन अभ्यास करण्यात आला. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तुलनेसाठीच्या गटापेक्षा या बालकांतील वेदनांचे प्रसंग पुष्कळच कमी झाले.

असे प्रश्न ओळखण्याची दृष्टी पाठ्यपुस्तकातून येत नाही. ती जाणत्या मार्गदर्शकाच्या सहवासात घडते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 1979 पासून पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी दोन महिन्यांच्या प्रकल्पाची छात्रवृत्ती सुरू केली, तीही मार्गदर्शकाच्या देखरेखीखालीच. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. परंतु पदवी हाती पडताच कित्येक प्रबंध ग्रंथालयाच्या कपाटात विसावतात, हेही नाकारता येणार नाही.

2020 च्या नियमदुरुस्तीने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना जिल्हा रुग्णालयात तीन महिने सेवा अनिवार्य झाली. भंडाऱ्यास 2024-25 या शैक्षणिक वर्षापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही लाभले आहे. तीन महिन्यांत अभ्यास पूर्ण होत नाही. पण बाह्यरुग्ण विभागात बसून एक चांगला प्रश्न हेरण्यास हा काळ पुरेसा आहे. उपचार अर्ध्यावर सोडणारे रुग्ण नेमके का सोडतात? औषध संपते, एस.टी. चुकते, की बरे वाटू लागते? प्रश्न नेमका करणे, किती रुग्ण पाहावे लागतील ते ठरविणे, नोंदवही अचूक ठेवणे आणि संमतिपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत लिहिणे, हे मार्गदर्शकाने हाताला धरून शिकवावयाचे असते.

संमतीचा मुद्दा येथे विशेष नाजूक आहे. वाहकाला सामान्यतः त्रास होत नाही. तथापि दोन वाहकांच्या प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते. मुलगी वाहक असल्याची वार्ता गावभर झाली, तर तिचे लग्न जमणे कठीण होते. म्हणून नाव कोठे लिहावयाचे, वही कोणाच्या कुलपात ठेवावयाची, अहवाल कोणाच्या हाती द्यावयाचा, हे ठरल्याविना रक्ताचा एक थेंबही घेऊ नये. संशोधन परिषदेच्या 2017 च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही गोपनीयतेवर भर आहे.

विश्वास संपादन केल्यास काय साध्य होते, हे गडचिरोली जिल्ह्यात दिसून आले. डॉ. राणी बंग व सहकाऱ्यांनी दोन खेड्यांतील 650 स्त्रियांची तपासणी केली. 92 टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. त्यांपैकी पूर्वी तपासणी झालेल्या जेमतेम 8 टक्के होत्या. 1989 साली हा अभ्यास प्रसिद्ध होईपर्यंत ग्रामीण स्त्रीचे आरोग्य म्हणजे बाळंतपण, एवढीच समजूत रूढ होती.

एक अडचण उरते. तीन महिन्यांनी निवासी डॉक्टर परततो, रुग्ण मात्र साकोलीत वा लाखांदुरातच राहतो. यास्तव महाविद्यालयातील मार्गदर्शकाबरोबर जिल्हा रुग्णालयातील एक कायम वैद्यकीय अधिकारी सहमार्गदर्शक असावा, म्हणजे नोंदवही पुढे चालू राहील आणि काय निष्पन्न झाले ते रुग्णाला सांगण्यास कोणीतरी तेथे असेल.