दोन बुरुजांमधली दांडी

मित्रहो, कवीने गॅरेजमध्ये कशाला शिरावे, असे तुम्ही म्हणाल. पण आमच्या गल्लीतली पोरे जुन्या मारुती ८०० ला घरीच वेल्डिंग केलेली दांडी बसवतात आणि मला विचारतात, "चाचा, आता सस्पेन्शन कडक झालं ना?"

नाही झाले. स्प्रिंग होती तेवढीच मऊ राहते. कडक होतो तो सांगाडा. खाटेचे सांधे डुगडुगू लागले की सुतार पाय बदलत नाही, एक पट्टी ठोकतो. तसेच हे. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. पुढच्या चाकांवरचे स्प्रिंग-शॉकअपचे खांब बॉनेटखाली पत्र्याच्या दोन बुरुजांना बांधलेले असतात. जोरात वळताना बुरुज किंचित हलतात आणि चाकांचा कोन बिघडतो. दांडी त्या दोघांना जखडून ठेवते.

म्हणून ती सरळ हवी. इंजिनाला वळसा घालणारी वाकडी नळी ताण आला की आणखी वाकते. सपाट पट्टीपेक्षा पोकळ नळी बरी, टोकाच्या प्लेटी जाड. माप गाडी चाकांवर उभी असताना घ्यावे, जॅकवर नव्हे. बॉनेट मिटते ना, तेही आधीच पाहावे.

प्लेट बसवायला बुरुजावरचे कडेचे नट तेवढे काढायचे. मधल्या नटाला हात लावू नका! त्याखाली दाबलेली स्प्रिंग असते, सुटली तर जीव घेईल. आणि बुरुजाचा पत्राच गंजलेला असेल, तर दांडी राहू द्या. आधी पत्र्याचे काम करून घ्या.