रकाना रिकामा आहे म्हणजे रक्कम शून्य आहे का?

सरकारी कागदपत्रांवर काम करायचं ठरवत असाल तर एक सवय आत्ताच लावून घ्या. आर्थिक विवरणपत्र हातात आलं की आधी त्यातली उत्तरं नाही, प्रश्न वाचायचे.

अमेरिकेतलं उदाहरण घेऊ. तिथे १९७८ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्ष आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना दरवर्षी असं विवरणपत्र द्यावं लागतं. मालमत्ता, उत्पन्न, भेटी, देणी असे त्याचे भाग. 'कोणाशी गोपनीय तडजोड केलीत का?' असा रकानाच नाही. त्यामुळे तडजोड थेट दिसत नाही. दिसलाच तर पैशाचा माग दिसतो.

ऑक्टोबर २०१६ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, ट्रम्प यांचे वकील मायकेल कोहेन यांनी स्टॉर्मी डॅनियल्स यांना १,३०,००० डॉलर दिले, गप्प राहण्याच्या करारापोटी. पैसे कोहेन यांनी स्वतःच्या खिशातून घातले, ट्रम्प यांनी ते २०१७ मध्ये फेडले. आता गंमत बघा. करार गोपनीय असेलही, पण मधल्या काळात कोहेन यांचं ट्रम्प यांच्याकडे येणं होतं. म्हणजे ट्रम्प यांच्या बाजूने ते देणं झालं. आणि १०,००० डॉलरच्या वरचं देणं साधारणपणे दाखवावंच लागतं, वर्षअखेरीपर्यंत फेडलं असलं तरी.

जून २०१७ च्या विवरणपत्रात हे देणं नव्हतं. जानेवारी २०१८ मध्ये बातमी फुटली. मे २०१८ च्या विवरणपत्रात एक तळटीप आली: हे दाखवणं बंधनकारक नाही, तरी पारदर्शकतेसाठी सांगतो, कोहेन यांचा खर्च फेडला, रक्कम १,००,००१ ते २,५०,००० डॉलरच्या गटात. खर्च कशाचा, ते नाही. सरकारी नीतिमत्ता कार्यालयाचे तेव्हाचे प्रभारी संचालक डेव्हिड अपोल यांना 'बंधनकारक नाही' हे पटलं नाही. हे देणं दाखवणं आवश्यकच होतं असं कळवून त्यांनी दोन्ही वर्षांची विवरणपत्रं न्याय विभागाकडे पाठवली.

पुढे न्यू यॉर्कच्या खटल्यात सरकारी पक्षाने मांडलेला हिशेब आणखी वेगळा. कोहेन यांना मिळाले एकूण ४,२०,००० डॉलर: मूळ रक्कम, दुसरा एक खर्च, कर भरता यावा म्हणून दोन्हींची दुप्पट, वर बोनस. कंपनीच्या वह्यांत हे सगळं वकिलाची फी म्हणून लिहिलेलं. त्या खोट्या नोंदींबद्दल मे २०२४ मध्ये ज्युरीने ट्रम्प यांना ३४ आरोपांत दोषी ठरवलं.

म्हणजे करारात एक आकडा, विवरणपत्रात नुसता गट, कोर्टात तिसराच आकडा. यातला कुठला 'खरा', यावर वाद घालण्यापेक्षा कुठला कागद काय मोजतो ते बघा. प्रयोगशाळेत उपकरणाला सापडलं नाही की आपण शून्य लिहीत नाही, 'आढळले नाही' लिहितो आणि शेजारी शोधमर्यादा देतो. इथेही तसंच करा: एक्सेलमध्ये 'नोंद नाही' आणि '०' यांना वेगवेगळे कोड द्या, गटाची खालची-वरची टोकं दोन स्तंभांत ठेवा, आणि तळटिपांसाठी एक स्तंभ पहिल्या दिवसापासून राखून ठेवा.